एस्प्रेसोचा गृहप्रवेश

एस्प्रेसो कॉफी ही मुळात घरात करावयाची वस्तू नव्हे. आज मुंबई-पुण्याच्या एखाद्या मोठ्या दुकानात मिक्सर आणि मायक्रोवेव्ह यांच्या शेजारच्या फळीवर तिची लहानमोठी यंत्रे ओळीने मांडलेली असतात, आणि त्यांतले कोणते घरी न्यावे या विवंचनेत पडलेले गिऱ्हाईक खोक्यांवर छापलेले दाबाचे, क्षमतेचे आणि वॉटचे आकडे वाचीत उभे असते. परंतु त्या आकड्यांमागचा इतिहास जवळजवळ सगळाच उत्तर इटलीत, तुरिन आणि मिलान या दोन कारखानदारी शहरांत घडलेला आहे, आणि त्याचे मुख्य सूत्र एकच आहे: बारमध्ये मिळणारी कॉफी आणि घरच्या चुलीवर होणारी कॉफी यांच्यामधले अंतर कधी घटले, कधी वाढले, आणि ते तोडण्यासाठी घरच्या माणसाला पदरचे किती कष्ट घालावे लागले. हे सूत्र ध्यानात असले म्हणजे यंत्र निवडणे पुष्कळ सोपे जाते, अशी माझी खात्री असल्यामुळे तो इतिहास थोड्या विस्ताराने सांगावासा वाटतो.

एकोणिसाव्या शतकात दक्षिण इटलीतील घरांत कॉफी होत असे ती 'नापोलेताना' नावाच्या भांड्यात. पॅरिसच्या मोरिझ नामक कारागिराने १८१९ मध्ये काढलेल्या युक्तीवर आधारलेल्या या भांड्यात खाली पाणी, मध्ये भुकटीची गाळणी आणि वर रिकामे पात्र अशी रचना असे. पाणी उकळले की भांडे उलटे करावयाचे आणि पाणी आपल्या भाराने झिरपून खाली उतरेपर्यंत स्वस्थ बसावयाचे. घरात ही प्रतीक्षा कोणाला जाचक वाटत नसे. ती जाचक वाटू लागली शहरांतील उपाहारगृहांच्या मालकांना; कारण आगगाडीने येणारा व्यापारी, कचेरीत जाणारा कारकून आणि कारखान्याच्या भोंग्याला बांधलेला मजूर असे नवेच गिऱ्हाईक त्यांच्या दारात उभे होते, आणि त्यातल्या कोणापाशीही पाच-सात मिनिटे थांबण्याची सवड नव्हती.

तुरिनच्या अँजेलो मोरिओंदो या हॉटेलमालकाने १८८४ साली त्या शहरात भरलेल्या राष्ट्रीय प्रदर्शनात बाष्पशक्तीवर चालणारे एक कॉफीयंत्र मांडले आणि त्याच वर्षी त्याचे पेटंट घेतले. वाफेच्या जोरावर उष्ण पाणी भुकटीतून ढकलण्याची कल्पना त्याच्या यंत्रात पुरेपूर होती. मात्र ते एका वेळी मोठा घाणा काढीत असे, आणि मोरिओंदोने ते आपल्या स्वतःच्या उपाहारगृहांपुरतेच ठेवल्यामुळे त्याचे नाव पुढे दीर्घकाळ विस्मृतीत गेले. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी त्याच्या डोळ्यांदेखत स्वतंत्र पेला काढावयाचा, हा विचार मिलानच्या लुईजी बेझेराचा. १९०१ साली त्याने मागितलेल्या पेटंटात दांडी असलेली सुटी गाळणी आहे, ती यंत्राच्या मुखाला फिरवून घट्ट बसवण्याची तजवीज आहे, आणि आजच्या कोणत्याही एस्प्रेसो-यंत्राच्या मालकाने पाहताक्षणी ओळखावी अशी ती आकृती आहे. बेझेरापाशी हुन्नर होता, भांडवल नव्हते. ते देसिदेरिओ पावोनीपाशी होते. पावोनीने पेटंटाचे हक्क मिळवून १९०५ मध्ये मिलानला 'ला पावोनी' हा कारखाना काढला, 'इदेआले' या नावाने यंत्रे बाजारात आणली, आणि १९०६ च्या मिलान येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात या नव्या पेयाला लोकांसमोर उभे केले.

ही यंत्रे पाहण्यासारखी असत. तांब्यापितळेचा उभा बॉयलर, त्याला गॅसची आच, वर घुमट, घुमटावर कधी पंख पसरलेला गरुड. आणि शेजारी दाबाच्या काट्यावर नजर ठेवून उभा असलेला यंत्रचालक. एवढा डौल असूनही आतला दाब मात्र साधारण दीड बारच्या (येथे बार म्हणजे दाबाचे एकक) पुढे जात नसे, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरच्या शिटीखाली जो दाब असतो त्याहून किंचितच अधिक. वाफेचा हा स्वभावच आहे की दाब वाढवावयाचा तर ताप वाढवावा लागतो, आणि बंद बॉयलरमधले पाणी शंभर अंशांच्या बरेच वर गेलेले असल्यामुळे ते भुकटीवर पडताच कॉफी करपट होत असे. कॉफी लवकर मिळे, पण तिच्यात कडवटपणा आणि जळका वास असे. गिऱ्हाइके तिच्यात साखर घालून ती दोन घोटांत संपवीत. इटलीत दीर्घकाळपर्यंत उभ्याने घेतलेल्या कॉफीचा कमाल दर ठरवण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाकडे होता, त्यामुळे बारच्या फळीपाशी उभे राहून कॉफी घेण्याची वहिवाट पक्की झाली, आणि एस्प्रेसो हे सार्वजनिक जागेतले पेय ठरून गेले.

घराने याला पहिले उत्तर दिले ते १९३३ साली. पीडमाँट प्रांतातील क्रुझिनाल्लो या गावी अल्युमिनियमच्या वस्तू ओतणाऱ्या अल्फॉन्सो बियालेत्तीने 'मोका एक्स्प्रेस' हे अष्टकोनी भांडे तयार केले. कपडे उकळण्याच्या त्या काळच्या भांड्यात मधल्या नळीतून साबणाचे पाणी वर चढताना पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात; कल्पनेचा उगम काहीही असो, रचना मात्र अत्यंत सुबोध आहे. खालच्या बंद पात्रात पाणी तापते, वर साचलेल्या वाफेचा दाब त्या पाण्याला भुकटीतून वर ढकलतो, आणि तयार कॉफी वरच्या पात्रात उतरते. दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून बाजूला एक लहानशी झडप असते.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे, कारण आजच्या लिखाणात ती सहसा निसटते. मोकाची कॉफी 'खरी' एस्प्रेसो नव्हे, असा निवाडा आज सर्वजण देतात, आणि आजच्या मापाने तो बरोबरही आहे. परंतु १९३३ साली बारमधल्या गरुडधारी यंत्रात जो दाब होता तोच, किंवा त्याच्या फार जवळपासचा, या वीतभर उंचीच्या भांड्यातही होता. ज्या कारागिराने ते ओतले त्याने घर आणि बार यांच्यामधले अंतर जवळजवळ शून्यावर आणले होते, आणि घरातही बारसारखीच एस्प्रेसो होते ही जाहिरात कारखान्याने केली तेव्हा ती फार मोठी अतिशयोक्ती नव्हती. युद्धापूर्वी बियालेत्ती आपली भांडी आसपासच्या बाजारांत आणि जत्रांतच विकत असे. युद्धानंतर त्याचा मुलगा रेनातो याने कारखाना हाती घेतला, मिशाळ, बोट उंचावलेल्या माणसाचे चित्र भांड्यावर आणले, आणि दूरचित्रवाणीच्या साहाय्याने हे भांडे इटलीच्या घराघरांत पोहोचवले. ते पोहोचेपर्यंत मात्र मिलानमध्ये सगळाच न्याय बदलून गेला होता.

हा बदल घडवणारा अकिल्ले गाज्जा हा मिलानमधला एक बारमालक. वाफेने कॉफी करपते हे तो रोज पाहत होता, आणि दोष कॉफीत नसून ताप व दाब एकाच साधनाकडून मिळवण्याच्या पद्धतीत आहे हे त्याने हेरले. ही जाणीव त्या काळी एकट्या त्यालाच झाली होती असे नाही. त्रिएस्तच्या फ्रांचेस्को इल्लीने १९३५ मध्ये दाबासाठी संकुचित हवा वापरणारे यंत्र सिद्ध केले होतेच. गाज्जाने १९३८ साली घेतलेल्या पेटंटात मळसूत्राने पुढे सरकणारा दट्ट्या आहे. वाफेचा त्यात संबंध नाही. मग युद्ध आले, कॉफी दुर्मिळ झाली, मिलानवर बाँब पडले, आणि हे काम जागच्या जागी थांबले. १९४७ मध्ये त्याने दुसरे पेटंट घेतले तेव्हा मळसूत्राची जागा तरफ आणि स्प्रिंग यांनी घेतली होती, आणि एस्प्रेसोच्या इतिहासातला निर्णायक क्षण शोधावयाचा असेल तर तो माझ्या मते या स्प्रिंगमध्ये आहे.

यंत्र चालवणारा माणूस लांब दांडी खाली ओढतो, तेव्हा आतली ताठ स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या वर उचलला जाऊन त्याच्याखाली उष्ण पाणी भरते; दांडी सोडली की स्प्रिंग आपला संचित जोर हळूहळू परत देते आणि दट्ट्या त्या पाण्याला कॉफीच्या घट्ट थरातून रेटतो. बॉयलरकडे आता केवळ पाणी तापवण्याचे काम उरले आणि दाबाचे काम स्प्रिंगकडे आले. वाफ दीड बार देत होती. स्प्रिंग आठ-नऊ बार देऊ लागली. दाब असा पाच-सहापट वाढताच भुकटी अधिक बारीक दळणे शक्य झाले, आणि पेल्यात पूर्वी कधी न दिसलेली गोष्ट तरंगू लागली: कॉफीतली तेले आणि भाजताना दाण्यांत कोंडलेला वायू यांच्या मिश्रणाने झालेला तांबूस-पिवळा दाट फेस, ज्याला आज जगभर 'क्रेमा' म्हणतात. सांगतात की पहिल्या गिऱ्हाइकांना या फेसाचा संशय आला. गाज्जाने त्यावर आपल्या यंत्रांवरच जाहीर करून टाकले की ही कॉफीची नैसर्गिक मलई आहे आणि हे यंत्र वाफेवाचून चालते. काही वर्षांतच फेस नसलेली कॉफी गिऱ्हाईक परत करू लागले. दांडीखालच्या नळीत जेवढे पाणी मावे तेवढाच पेला निघे, त्यामुळे एस्प्रेसोचे आजचे लहानसे आकारमानही या स्प्रिंगनेच ठरवले.

बारमधली कॉफी अशी एकाएकी पुष्कळ पुढे निघून गेली, आणि बियालेत्तीने मिटवलेले अंतर पुन्हा उभे राहिले. घरगुती एस्प्रेसो-यंत्राचा खरा इतिहास येथून सुरू होतो, कारण आता घरात दीड बारने भागणार नव्हते. गाज्जाच्या कारखान्याने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच 'जिल्दा' हे घरगुती तरफयंत्र काढले; रीटा हेवर्थच्या गाजलेल्या चित्रपटावरून त्याला हे नाव मिळाले असे म्हणतात. एर्नेस्तो वालेन्ते हा आरंभी गाज्जाची यंत्रे बनवून देणारा कारखानदार. पुढे दोघांची फारकत झाली आणि वालेन्तेच्या 'फाएमा'नेही 'फाएमिना' हे घरचे यंत्र विकायला आणले. ही यंत्रे सुंदर होती, महाग होती, आणि सामान्य इटालियन कुटुंब मोकावरच समाधानी राहिले.

मग १९६१ हे वर्ष उजाडले. या एका वर्षात, मिलान या एकाच शहरात, दोन कारखान्यांनी दोन यंत्रे बाहेर आणली, आणि आजही घरासाठी यंत्र घेणारा माणूस कळत-नकळत त्या दोहोंपैकी एका वाटेने जात असतो. पहिले ला पावोनीचे 'युरोपिक्कोला'. जेमतेम फूटभर उंचीचे हे यंत्र म्हणजे पितळेचा एक छोटा बॉयलर, एक मुख, एक वाफेची नळी आणि एक दांडी. यात स्प्रिंगसुद्धा नाही. दांडी वर उचलली की पाणी मुखात उतरते, क्षणभर थांबून भुकटी भिजू द्यावयाची, आणि मग स्वतःच्या बाहूच्या बळाने दांडी खाली दाबीत न्यावयाची. दाब किती द्यावा, कोठे सोडावा, धार बारीक झाली तर काय करावे, हे सर्व हाताला कळावे लागते. जुन्या यंत्रांत मंद आणि तीव्र अशा दोन आचा असत आणि त्यांची अदलाबदल मालकानेच करावयाची. दोन-तीन पेले सलग काढले की मुखाचा धातू तापून कॉफी करपू लागे. बॉयलरमधले पाणी संपले तर वाफ पूर्ण सोडल्याशिवाय झाकण उघडणे धोक्याचे. १९७३ सालच्या जेम्स बाँडच्या चित्रपटात नायकाच्या स्वयंपाकघरात हे यंत्र दिसते, आणि वरिष्ठासाठी एक पेला कॉफी काढताना त्याने जो खटाटोप केलेला दाखवला आहे तो खोटा नाही.

इतके दोष सांगूनही मला हे यंत्र विलक्षण आदरणीय वाटते. ते मालकापासून काहीही लपवीत नाही. आरंभीचे कित्येक पेले आंबट, कडू किंवा पाणचट निघतात. पण प्रत्येक बिघडलेल्या पेल्याचे कारण दांडीच्या स्पर्शातून कळत जाते, आणि जो हे शिक्षण मन लावून घेतो त्याला नऊ बार म्हणजे काय हे कोणत्याही काट्यावाचून समजते. त्याच्या रचनेत झिजणारे असे फारसे नाही. दट्ट्याच्या आणि मुखाच्या रबरी कड्या बदलल्या की पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे यंत्र पुन्हा कामाला लागते, आणि त्या कड्या आजही मिळतात.

त्याच वर्षीचे दुसरे यंत्र फाएमाचे 'ई-६१'. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी इटलीतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून त्याला हे नाव दिलेले आहे. ते बारसाठीच होते. पण त्यात दांडी ओढणारा हात आणि स्प्रिंग या दोहोंनाही रजा मिळाली आणि विजेवर चालणारा पंप नळाचे पाणी घेऊन ते अखंड नऊ बारने ढकलू लागला. हे पाणी थेट बॉयलरमधले नसे. बॉयलरमधून गेलेल्या एका वेगळ्या नळीत ते वाटेवर तापे, त्यामुळे बॉयलर वाफेसाठी हवा तितका तप्त ठेवूनही कॉफीला योग्य तापमानाचे, ताजे पाणी मिळे. शिवाय यंत्राचे मुख चारेक किलो वजनाच्या क्रोमच्या मुलाम्याच्या पितळेचे केलेले होते, आणि उष्ण पाणी त्यातून आपोआप फिरत राहून त्याला कायम तापलेले ठेवीत असे. एस्प्रेसोच्या गुणवत्तेत दाबाइतकेच तापमानाच्या स्थैर्याला महत्त्व आहे, आणि ते स्थैर्य जड धातूच्या साठलेल्या उष्णतेतून येते, हे या रचनेत इतके उत्तम साधले होते की साठ वर्षांनंतरही महागड्या घरगुती यंत्रांवर तेच मुख, तेवढेच जड, जसेच्या तसे बसवलेले आढळते. प्रसिद्ध सायकलपटू एडी मर्क्स ज्या फाएमा संघाच्या पोशाखात शर्यती जिंकला तो संघ याच कारखान्याच्या पैशावर उभा होता. यावरून या यंत्राने कंपनीला काय दिले असेल याची कल्पना यावी.

बारचा पंप मोठा, फिरत्या मोटरीचा आणि महाग होता. घरात पंप आला तो वेगळ्या जातीचा: विद्युच्चुंबकाच्या वेटोळ्यात एक छोटा दट्ट्या, त्याला स्प्रिंग, आणि विजेच्या प्रवाहाबरोबर सेकंदाला पन्नास वेळा होणारे त्याचे पुढेमागे कंपन. मुठीत मावणारा हा कंपनपंप स्वस्तात बनू लागला, तेव्हा १९७७ च्या सुमारास गाज्जाच्या कारखान्याने 'बेबी' हे यंत्र आणले, १९९१ मध्ये 'क्लासिक', आणि रान्चिलिओ या दुसऱ्या जुन्या कारखान्याने १९९७ मध्ये 'सिल्व्हिया'. बटण दाबावे आणि नऊ बार मिळावेत, ही सोय घराला प्रथमच लाभली. मात्र याच पंपाने बाजारात एक भ्रम पसरवला. अडथळा पूर्ण असेल तर हा पंप पंधरा बारपर्यंत जोर करू शकतो, म्हणून खोक्यांवर '१५ बार' असे ठळक छापण्याची चाल पडली, आणि कोणी त्याहीपुढे जाऊन वीस छापले. वास्तविक कॉफीला हवेत नऊच, आणि चांगल्या यंत्रात उरलेला जोर सोडून देण्यासाठी मुद्दाम एक झडप बसवावी लागते. खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा यंत्राच्या गुणाविषयी काहीच सांगत नाही, हे गिऱ्हाइकाने निःशंक मनाने धरून चालावे.

या यंत्रांची खरी मर्यादा तापमानात आहे. कॉफीसाठी पाणी नव्वदीच्या आसपास हवे आणि दूध फेसाळण्याची वाफ करावयाची तर बॉयलर एकशेवीसच्या वर न्यावा लागतो. एकाच लहान बॉयलरकडून ही दोन्ही कामे घेतली की आधी कॉफी काढा, मग ताप चढेपर्यंत थांबा, मग दूध करा, आणि पुन्हा कॉफी हवी असेल तर पाणी सोडून ताप उतरवा, असा क्रम पाळावा लागतो. शिवाय साध्या तापनियंत्रकाची उघडझाप होताना पाण्याचे तापमान अनेक अंशांनी वरखाली होते. या शतकाच्या आरंभी काही हौशी मंडळींनी सिल्व्हियाला कारखान्यांत वापरला जाणारा सूक्ष्म तापनियंत्रक स्वतः जोडून पाहिला आणि परिणाम इतका चांगला आला की पुढे उत्पादकांनीच तो बसवायला आरंभ केला. घरगुती यंत्राच्या प्रगतीचा हा अध्याय कारखान्याच्या दप्तरात नव्हे तर गिऱ्हाइकांच्या ओट्यावर लिहिला गेला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. एका बॉयलरच्या या यंत्रांच्या वरच्या पायरीवर ई-६१ सारखी आतून वेगळी नळी असलेली यंत्रे आणि त्याहून वर दोन स्वतंत्र बॉयलरची यंत्रे येतात.

दळणे, भरणे, काढणे सर्व स्वतः करणारी यंत्रे साएको या कंपनीने १९८५ पासून घरांत नेली, आणि एरिक फाव्ह्र या नेस्लेच्या अभियंत्याच्या १९७६ च्या पेटंटावर आधारलेल्या नेस्प्रेसोच्या कुप्या १९८६ मध्ये विक्रीस आल्या. त्यांनी कष्ट पूर्णपणे काढून घेतले. ज्याला सकाळी फक्त पेला हवा आहे त्याची सोय झाली. मालकाच्या हाताला मात्र तेथे काम उरत नाही, आणि म्हणून या कथेत त्यांच्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट यंत्राच्या बाहेर आहे, आणि ती म्हणजे चक्की. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या इटालियन एस्प्रेसोच्या राष्ट्रीय संस्थेने जे प्रमाण बांधून दिले त्यात सात ग्रॅम भुकटी, सुमारे ८८ अंशांचे पाणी, नऊ बार दाब, पंचवीस सेकंद आणि पंचवीस मिलिलिटर असे आकडे आहेत. यांतले पंचवीस सेकंद यंत्र देत नाही. ते दळण देते. दाणा किंचित जाड दळला गेला तर तेच पाणी दहा सेकंदांत धावून जाते, आणि किंचित बारीक झाला तर थेंबही पडत नाही. बारमध्ये ही चक्की नेहमीच यंत्राशेजारी असे, म्हणून तिचा वेगळा विचार कोणी करीत नसे. एस्प्रेसो घरी आली ती एकटीच, चक्की मागे राहिली. ही उणीव झाकण्यासाठी स्वस्त यंत्रांना दुहेरी तळाची, एकाच सूक्ष्म छिद्राची गाळणी देण्यात येऊ लागली. दुकानातून आणलेली कशीही दळलेली, शिळी भुकटी तिच्यात भरली तरी छिद्रातून फवारा उडून फेस येतो. ज्या फेसाकडे गाज्जाची गिऱ्हाइके संशयाने पाहत होती, आणि जो पुढे दाबाची, ताजेपणाची व दळणाची साक्ष ठरला, त्या फेसाचे हे निव्वळ सोंग आहे. वीस हजारांचे यंत्र आणि वीस हजारांची चक्की ही जोडी चाळीस हजारांच्या एकट्या यंत्राहून नेहमीच सरस ठरते.

आपला या इतिहासाशी संबंध दोन बाजूंनी येतो. एक बाजू मालाची. बाबा बुदन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिकमगळूरच्या डोंगरांत सतराव्या शतकापासून रुजलेली कॉफी आज पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकापर्यंत पसरली आहे, आणि कित्येक वर्षे भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा खरेदीदार इटलीच आहे. दाट फेस आणि भारदस्त चव यांसाठी इटालियन भाजणीवाले भारतीय रोबस्टा मिश्रणात घालतात, आणि मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेल्या 'मॉन्सून्ड मलबार'लाही तेथे मान आहे. दुसरी बाजू आपल्या मंडपातली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत लग्नाच्या स्वागतसमारंभात 'एस्प्रेसो' या पाटीखाली जे यंत्र उभे असे, त्यात ना गाळणी होती, ना दट्ट्या. चकचकीत बॉयलर, दाबाचा काटा आणि वाफेची नळी एवढेच. पेल्यातल्या दुधात झटपट कॉफीची पूड आणि साखर असे, नळीची वाफ ते मिश्रण घुसळून फेसाळ करी, आणि वर चिमूटभर पूड भुरभुरून पेला हाती येई. जायफळ घालून दुधात उकळलेल्या कॉफीवर वाढलेल्या आपल्या घरांना त्या गोड, गरम फेसाची गोडी लागली. वंशावळ पाहिली तर ते यंत्र बेझेरा आणि पावोनी यांच्या वाफेच्या शाखेतले आहे. गाज्जाची स्प्रिंग त्याच्या वाट्याला आलीच नाही.

मराठी घरासाठी यंत्र निवडताना ही दुसरी बाजू विसरून चालत नाही. इटलीत दुधाची कॉफी बहुधा न्याहारीपुरती असते आणि दिवसभर काळी एस्प्रेसो चालते. त्यामुळे तिकडच्या लहान यंत्रांची वाफ एखाद-दुसऱ्या पेल्याच्या हिशेबाने ठेवलेली असते. आपल्याकडे संध्याकाळी चार पाहुणे आले तर चौघांनाही दुधाची, साखरेची आणि एकाच वेळी लागते, आणि एका बॉयलरच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या गृहिणीला प्रत्येक पेल्यामागे ताप चढवण्या-उतरवण्यात एवढा वेळ जातो की पहिल्याची कॉफी निवते तरी चौथ्याची सुरू होत नाही. अशा घराने दाबाच्या आकड्याकडे पाहूच नये; बॉयलर किती मोठा आहे आणि कॉफी व वाफ एकाच वेळी निघते की नाही हे पाहावे, व ऐपत असेल तर ई-६१ च्या पद्धतीचे, वेगळ्या नळीचे यंत्र घ्यावे. जो एकटाच पहाटे उठून काळी कॉफी घेतो त्याला त्यातले काही नको. त्याने दांडीचे यंत्र आणि उत्तम हातचक्की घ्यावी, आणि महिना-दोन महिने कडू पेले पिण्याची तयारी ठेवावी. अमेरिकेतील नातलगाने यंत्र पाठवण्याची इच्छा दर्शवली तर त्याला आवरावे. तिकडची वीज १२० व्होल्टची आणि सेकंदाला साठ आवर्तनांची, इकडची २३० ची आणि पन्नासांची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर जोडला तरी कंपनपंप आपल्या मूळ गतीने चालत नाही. बोअरवेलचे जड पाणी कोणत्याही यंत्रात घालू नये, त्यातील क्षारांचा थर लहान बॉयलर काही महिन्यांत निकामी करतो. आणि पैसे मोजण्यापूर्वी मुखाची रबरी कडी, गाळणीची जाळी आणि पंप हे तीन जिन्नस सुटे मिळतात काय, याची दुकानदाराकडून लेखी हमी घ्यावी.